दुसऱ्यांच्या सणांत आपला सण : हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे जीवन



दीक्षा घेतल्यावर घरातल्या देव्हाऱ्याचे काय करायचे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. ते तुमचे तुम्हीच केले. खरी अडचण पुढे आली ती सणावारांच्या दिवशी. शेजारी पोळ्याला बैल सजतात, गणपतीची वर्गणी मागायला गल्लीतली पोरे दारात उभी राहतात, दिवाळीला ओळीने पणत्या लागतात. आणि आपले लेकरू उंबऱ्यावर उभे राहून विचारते, आई, आपल्याकडे का नाही? गुरुकुंज मोझरीच्या आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या तुम्हा कुटुंबांना हा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने भेटतो. १४ ऑक्टोबरला तुम्ही नागपूरच्या दीक्षाभूमीवरून परत येता, आणि त्याच सुमारास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीसाठी लाखो माणसे तुमच्या गावावरून जात असतात. ती माणसे वाईट नाहीत. त्यांच्या मनात तुमच्याविषयी वैर नाही. सामुदायिक प्रार्थनेला या, असे ती प्रेमानेच म्हणतात. वैऱ्याला नाही म्हणणे सोपे असते. प्रेमाने बोलावणाऱ्यापुढे आपले वेगळेपण कसे सांभाळायचे, हे कठीण असते.

या प्रश्नाला पोथीतले उत्तर देण्याऐवजी एका माणसाचे जीवन तुमच्यापुढे ठेवतो. तो आपल्या धर्माचा नव्हता. तो ज्यू होता, आणि त्याचे घर मराठी बोलत असे.

ज्यू लोकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जगात जिथे जिथे ते गेले तिथे त्यांची संख्या थोडी आणि भोवतालचा समाज मोठा. युरोप-अमेरिकेत डिसेंबर महिना लागला की रस्तोरस्ती दिवे लागतात, दुकाने सजतात, शाळेत येशूजन्माची गाणी बसवली जातात. २५ डिसेंबरला सारे गाव नाताळ करते आणि ज्यू घरातले मूल खिडकीतून बघत राहते. यात आणखी एक गंमत अशी की, ज्याच्या जन्माचा तो सण, तो येशू स्वतः ज्यू आईच्या पोटी जन्मला होता. ख्रिस्ती माणूस ज्यूला म्हणू शकतो, हा तर तुमच्याच घरातला आहे, मग तुम्ही दूर का? हा प्रश्न तुम्हाला ओळखीचा वाटेल. बुद्ध आमचाच नववा अवतार, मग तुम्ही वेगळे कसे, असे तुम्हालाही कितीदा विचारण्यात आले आहे! आपल्या महाराष्ट्रात ज्यूंच्या वाट्याला ही कसोटी १९ व्या शतकात आली. त्या काळात हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे आयुष्य गेले.

त्यांचा समाज म्हणजे बेने इस्राएल. या शब्दाचा अर्थ इस्राएलची लेकरे. या समाजाची परंपरा अशी सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि अलिबागजवळच्या नवगाव येथे किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले. पुस्तके, पोथ्या सारे समुद्रात गेले. वाचलेल्या माणसांनी कोकणातल्या खेड्यांत आसरा घेतला आणि तेल गाळण्याचा धंदा धरला. घाण्याचा बैल ते आठवड्यातले सहा दिवस फिरवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, कारण ज्यू धर्मात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्यावरून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली.

या नावात किती गोष्टी आहेत पाहा. गावाने त्यांना जातीच्या उतरंडीत एक जागा दिली, तेल्याची. कोणीही बाहेरचा माणूस या देशात आला की त्याला जात चिकटवल्याशिवाय गावगाड्याला चैन पडत नाही. पण त्याच नावात त्यांचे वेगळेपणही टिकून राहिले. भाषा विसरली, पोथी विसरली, प्रार्थनेची दोन-चार वाक्ये सोडली तर मंत्रही विसरले, पण घाणा शनिवारी थांबला पाहिजे हे विसरले नाही. मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे आणि खवले नसलेली मासळी न खाणे हेही राहिले. याखेरीज फार थोडे उरले होते. त्यांना दुसरे ज्यू भेटेपर्यंत इतक्यावरच त्यांचा धर्म तगला.

त्यांच्या सणांची नावे तर खास मराठी होती. ज्यूंच्या नव्या वर्षाला ते नव्याचा सण म्हणत. पापक्षालनाच्या मोठ्या उपवासाच्या दिवशी ते दारे लावून घरात बसत, म्हणून तो दारफाळणीचा सण. एका सणाला खीर करीत, तो खिरीचा सण. वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेले काही चालत नसे, म्हणून आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवीत आणि त्यावरूनच त्या सणाला नाव पडले होते. एका दुःखाच्या उपवासानंतर वालाचे बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा रोजा. आणि ज्यूंचा पुरीम नावाचा सण शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून त्याला ते चक्क होळीचा सण म्हणत. सण आपला, पण नाव शेजाऱ्याचे! कारण सण कशासाठी आहे हे सांगणारी पोथी हातात नव्हती. ती नसली म्हणजे सण नुसता पदार्थावर आणि तिथीवर उभा राहतो. आज खीर आहे, उद्या बिरडे आहे, एवढेच लेकरांना कळते.

अशा समाजात १८३० साली अलिबाग येथे हाईम सॅम्युएल यांचा जन्म झाला. आडनाव केहिमकर, म्हणजे अलिबागजवळच्या किहीम गावचे. बेने इस्राएल लोकांची बहुतेक आडनावे अशीच कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. त्यांचे बहुतेक आयुष्य मुंबईत गेले.

मुंबईत बेने इस्राएल कुटुंबे १८ व्या शतकापासून येऊ लागली होती. कंपनी सरकारच्या फौजेत त्यांची माणसे शिपायापासून देशी अंमलदारापर्यंत चढली. त्यांपैकीच एक, सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, बांधले. साधी माणसे त्याला मशीदच म्हणत. पुढे कोचीनकडचे ज्यू शिक्षक आले आणि त्यांनी विसरलेली प्रार्थना, विसरलेले विधी पुन्हा शिकवले. आपल्या लष्करी पेशातल्या महार बांधवांची आठवण इथे तुम्हाला झाल्याशिवाय राहणार नाही. गावाबाहेर पडून फौजेत गेल्यावरच माणसाला लिहिता-वाचता येऊ लागले, हा त्या काळातल्या अनेक समाजांचा अनुभव आहे.

हाईम सॅम्युएल यांच्या लहानपणी मुंबईत आणि कोकणात शाळा होत्या त्या मुख्यतः मिशनऱ्यांच्या. अमेरिकन मिशन १८१३ पासून काम करीत होते. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. या मिशनऱ्यांना बेने इस्राएलांविषयी विशेष आस्था होती. जुना करार, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, हा ख्रिस्ती बायबलाचाही पहिला भाग. तेव्हा हे लोक अर्धी वाट चालून आलेलेच आहेत, आता थोडे पुढे आणले की झाले, अशी त्यांची समजूत होती. विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण छापले. मराठी जुना करारही मिशनऱ्यांनीच हातात दिला. म्हणजे बेने इस्राएलांना त्यांचा स्वतःचा धर्मग्रंथ त्यांच्या मायबोलीत वाचायला मिळाला तो दुसऱ्या धर्माच्या प्रचारकांच्या हातून.

ही परिस्थिती नीट समजून घ्या. एका हातात पाटी-पुस्तक आणि दुसऱ्या हातात बाप्तिस्मा. शाळेत रविवारची सुटी, नाताळची सुटी. कचेरीत तेच. राज्यकर्त्यांचा सण तोच सरकारी सण. शनिवार हा मात्र कामाचा वार. ज्या समाजाने घाण्यावर असताना पिढ्यान् पिढ्या शनिवार मोडला नाही, त्याच समाजाचा शिकलेला कारकून आता शनिवारी कचेरीत जाऊन बसू लागला. घाणा थांबवणे त्याच्या हाती होते, साहेबाची कचेरी थांबवणे त्याच्या हाती नव्हते. गरिबीत टिकलेली गोष्ट शिक्षण आणि नोकरी येताच डळमळू लागते, हे त्यांनी अनुभवले. आपणही अनुभवतो आहोत.

मग बेने इस्राएलांनी काय केले? त्यांनी मुले शाळेतून काढली नाहीत. मुलगेच काय, मुलीही शिकल्या. त्यांनी मिशनऱ्यांशी भांडण केले नाही. अक्षर घेतले, व्याकरण घेतले, ग्रंथ घेतला. पण बाप्तिस्मा फार थोड्यांनी घेतला. इतकी वर्षे इतक्या आस्थेने खपूनही मिशनच्या पदरात या समाजाची मूठभर माणसेच पडली. उलट, मिशनऱ्यांनी दिलेल्या हिब्रूच्या जोरावर समाज आपल्या मूळ धर्माकडे अधिक घट्ट वळला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी हिब्रू-मराठी अशी छापून निघाली. १८७४ मध्ये पुण्यात तीच पोथी चित्रांसह निघाली. गुलामगिरीतून सुटका झाल्याची ती कथा. घरातल्या सर्वात लहान मुलाने प्रश्न विचारायचा की आजची रात्र निराळी का, आणि थोरांनी उत्तर द्यायचे, अशी त्या सणाची रीतच आहे. आपल्या उंबऱ्यावरच्या लेकराचा प्रश्न या लोकांनी सणाच्या आतच बसवून ठेवला आहे! मराठीत ती पोथी आल्यावर आईलाही उत्तर देता येऊ लागले.

हाईम सॅम्युएल यांनी ऐन तरुणपणी, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, १८५३ मध्ये समाजाच्या शिक्षणासाठी आणि साहाय्यासाठी एक हितकारक मंडळी स्थापन करण्यात पुढाकार घेतला. मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत. आपल्या इतिहासग्रंथातही त्यांची नोंद त्यांनी आदराने केली आहे. पण समाजाने आपल्या मुलांचे शिक्षण कायम दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवू नये, हा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्याच्या शाळेत मूल हुशार होते, पण शनिवार कशासाठी, सुंता कशासाठी, दारफाळणी कशासाठी हे तिथे त्याला कोण सांगणार?

त्या आग्रहाला फळ यायला २२ वर्षे लागली. १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा निघाली. तीच पुढे इस्रायलाइट स्कूल म्हणून नावारूपास आली. इथे हिब्रूही शिकवले जाई आणि व्यवहाराची भाषाही. सरकारी अनुदान आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत यांवर ती उभी राहिली. १८५३ ते १८७५ हा काळ वाचताना पटकन संपतो, पण २२ वर्षे म्हणजे एक मूल जन्मून कर्ते होते एवढा काळ. तेवढी वर्षे एका लहान, बहुतांशी शिपाई-कारकुनांच्या समाजात पैसा जमवणे, माणसे जोडणे, भांडणे मिटवणे हे काम चालले होते. मोठ्या सभा, जयजयकार यांत त्यांचे नाव दिसत नाही. शाळा मात्र उभी राहिली, आणि त्यांच्या मागेही चालली. १९३० नंतर सर एली कदूरी यांच्या देणगीवरून तिला त्यांचे नाव मिळाले. रेबेका रूबेन यांच्यासारख्या विदुषीने तिथे दीर्घकाळ मुख्याध्यापिकेचे काम केले. माझगावातली ती शाळा आजही आहे आणि तिथे शिकणारी बहुतेक मुले आता इतर समाजांची आहेत. आपल्या मुलांसाठी लावलेल्या झाडाची सावली आज शेजाऱ्यांच्या मुलांना मिळते आहे.

आता नाताळाशेजारच्या एका सणाची गोष्ट सांगतो. ज्यूंचा हनुक्का नावाचा दिव्यांचा सण डिसेंबरच्या सुमारास येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटायोकस नावाच्या ग्रीक राजाने ज्यूंवर आपली पूजापद्धती लादली, त्यांच्या मंदिरात आपल्या देवाची स्थापना केली. ज्यूंनी बंड केले, मंदिर परत घेतले, शुद्ध केले आणि दिवे लावले. त्याची आठवण म्हणून आठ रात्री दिवे लावतात. थोडक्यात, बळजबरीच्या पूजेला नकार दिल्याचा हा सण आहे. पण बेने इस्राएलांना हा सण ठाऊकच नव्हता. त्यांचे पूर्वज ही घटना घडण्याआधीच मूळ देश सोडून निघाले असावेत, असे काही अभ्यासक त्यावरून म्हणतात. कोकणात शतकानुशतके भोवती दिवाळीचे दिवे लागत होते आणि यांच्या घरी स्वतःचा दिव्यांचा सण नव्हता. इतर ज्यूंशी संबंध आल्यावर, १९ व्या शतकात, हा सण त्यांनी नव्याने घेतला.

हा नव्याने घेतलेला सण खोटा होता काय? आजोबाने केला नाही म्हणून नातवाचा सण उसना ठरतो काय? तुम्हाला लोक विचारतात की, वैशाख पौर्णिमा तुमचा आजा करीत होता का? या प्रश्नाने पुष्कळ जण खजील होतात. खजील होण्याचे कारण नाही. जे आपले होते आणि हरवले होते ते पुन्हा मिळाल्यावर घेण्यात लाज कसली? १९५६ च्या अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपुरास आपल्याला जे दिले, ते असेच हरवलेले घर परत मिळणे होते. सणाचे वय किती, हे कोणी मोजत बसू नये. सणाचे कारण घरात सर्वांना माहीत आहे की नाही, हे पाहावे.

बेने इस्राएलांनी शेजाऱ्यांचे सारेच टाकले असे मात्र समजू नका. ते मराठीच बोलत राहिले. बायका नऊवारी लुगडे नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालीत. १८८० च्या सुमारास तर त्यांनी कीर्तन सुरू केले. आपल्याकडे जसे हरिदासी कीर्तन तसेच, तीच चाल, तीच आख्यान लावण्याची पद्धत. फक्त आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. खंजिरीवर उभा देश जागा करणाऱ्या संताच्या गावाशेजारी राहणाऱ्या तुम्हाला याचे मर्म लगेच कळेल. आपल्या आंबेडकरी जलशांनी तेच केले. तमाशाची ढोलकी घेतली, गण-गौळण टाकली आणि भीमक्रांतीची कथा लावली. साज भोवतालचा घेतला, कथा मात्र स्वतःची सांगितली. भाषा, लुगडे, ताल, पदार्थ ही सर्व शेजाऱ्यांची सामाईक मालमत्ता आहे. ती घेतल्याने कोणी बाटत नाही. नमस्कार कोणापुढे करायचा आणि कशासाठी, हे मात्र आपले आपण ठरवायचे असते.

पण भोवतालच्या समाजाकडून बेने इस्राएलांनी एक गोष्ट अशीही घेतली होती की जी घ्यायला नको होती. ती म्हणजे जात. त्यांच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. समाजाबाहेरच्या स्त्रीपासून झालेली संतती ती काळी, आणि तिच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नाही, रोटीव्यवहारातही अंतर. विधवेचे लग्न न करण्याची चालही शेजारच्या वरच्या जातींकडे पाहून त्यांच्यात शिरली होती. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना हा भेद झाकून ठेवला नाही. गौरवाच्या गोष्टींबरोबर हीही नोंद केली.

इथे आपण थांबून विचार केला पाहिजे. शनिवार काटेकोर पाळणाऱ्या, शेजाऱ्याच्या देवाला हात न जोडणाऱ्या समाजातही जात चोरपावलांनी शिरली. म्हणजे सण वेगळा केला, फोटो वेगळा लावला, की काम संपले असे नाही. आपल्यात अजून लग्न जमवताना पूर्वीची पोटजात विचारली जाते. घरात बुद्धवंदना चालते आणि सोयरिकीच्या वेळी हळूच चौकशी होते की ते लोक मूळचे कोण? दिवाळीची पणती न लावणारा माणूस हे विचारीत असेल, तर त्याने पणतीपेक्षा मोठी गोष्ट घरात ठेवून घेतली आहे. दुसऱ्याचा सण नाकारताना जो ताठा आपण दाखवतो, तो जात नाकारताना दाखवला पाहिजे.

आणखी एक फरकही स्पष्ट सांगितला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी होईल. बेने इस्राएलांना कोकणातल्या गावाने तेल्याची पायरी दिली, पण पाणवठा बंद केला नाही, सावली विटाळाची मानली नाही. ते वेगळे राहिले ते बहुतांशी स्वतःच्या इच्छेने. आपल्या वाडवडिलांना वेगळे ठेवण्यात आले. ज्या सणांतून आज आपण बाहेर पडलो, त्या सणांत आपल्याला मानाची जागा कधी नव्हतीच. हलगी वाजवायला बोलवत आणि देवळाच्या पायरीवर अडवत. म्हणून आपले बाहेर पडणे हे त्यांच्यापेक्षा अधिक कठीण आणि अधिक अर्थाचे आहे. पण बाहेर पडल्यावर घर कसे सावरायचे, हे मात्र त्यांच्याकडून शिकता येते. त्यांना या कामाचा आपल्यापेक्षा मोठा अनुभव आहे.

केहिमकरांच्या उतारवयातले मोठे काम म्हणजे त्यांचा इतिहासग्रंथ. तोपर्यंत बेने इस्राएलांविषयी जे लिहिले गेले होते, ते मुख्यतः मिशनऱ्यांनी आणि साहेबांनी. हे लोक कोण, कुठून आले, खरे ज्यू की नव्हेत, हे सारे दुसरेच ठरवीत. केहिमकरांनी गावोगावच्या चालीरीती, सणांची नावे, विधी, कुळांच्या हकिकती, फौजेतल्या माणसांची कामगिरी हे सर्व जमवून इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १८९७ मध्ये तो पुरा झाला. पण छापला गेला नाही. २० व्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वारले तेव्हा तो हस्तलिखितच होता. पुढे डॉ. इमॅन्युएल ओल्सवँगर या परदेशी ज्यू विद्वानाच्या हाती तो पडला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. लिहून झाल्यानंतर ४० वर्षांनी! इतकी वर्षे ते कागद घरच्यांनी जपले, म्हणून आज दारफाळणी, बिरडे आणि खीर यांची हकीकत आपल्याला वाचता येते.

आपला इतिहास आपण लिहून ठेवण्याची गरज किती असते, हे पुढे दिसून आले. १९४८ मध्ये इस्रायल देश स्थापन झाला आणि हळूहळू बहुतेक बेने इस्राएल तिकडे गेले. ज्यांनी २ हजार वर्षांची म्हणून सांगितली जाणारी परंपरा परक्या सणांच्या मध्ये राहून जपली, त्यांनाच स्वतःच्या धर्माच्या देशात विचारण्यात आले की, तुम्ही पुरे ज्यू आहात का? १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या बाबतीत वंशाची जादा चौकशी लावली. बेने इस्राएलांनी धरणे धरले, आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये तो भेदभावाचा हुकूम बदलावा लागला. भोवती सण आपलाच असला, देश आपल्याच धर्माचा असला, तरी माणुसकीचा हक्क झगडूनच मिळवावा लागतो, हा त्यातला धडा आहे. महाराष्ट्रात उरलेला ज्यू समाज आज अगदी थोडा आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्याला अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला.

मायबहिणींनो आणि बंधूंनो, हे जीवन सांगितले ते केहिमकरांचा गौरव करण्यापुरते नव्हे. येत्या सणाला तुमच्या दारात जो प्रश्न येईल त्याची तयारी व्हावी म्हणून सांगितले. शेजारी लाडू-करंज्यांचे ताट घेऊन आला तर ते प्रेमाने घ्या, आणि वैशाख पौर्णिमेला खिरीची वाटी त्याच्या घरी पाठवा. सुजातेच्या खिरीची गोष्ट तुमच्या मुलीने त्याच्या मुलीला सांगितली पाहिजे. अमरावती-अचलपूरकडे मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात नाताळला कोणी बोलावले तर जा, त्यांच्या सेवेचे ऋण माना. गुरुकुंजात पुण्यतिथीला आलेल्या थकल्या वाटसरूला पाणी द्या. तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाईचे आणि व्यसनमुक्तीचे जे काम केले त्यात हात लावायला तुमचा धम्म आड येत नाही. कोणी पूजेला बसा म्हणाले तर शांतपणे सांगा की आम्ही हे करीत नाही, आणि का करीत नाही हेही सांगा. आवाज चढवू नका. ज्याला कारण माहीत असते त्याला आवाज चढवावा लागत नाही.

घरात मात्र काम अधिक आहे. २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावून भागणार नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. जवळ विहार असेल तर विहारात, नसेल तर ओसरीवर, चार घरची लेकरे गोळा करा. वंदना पालीत म्हणा आणि तिचा अर्थ वऱ्हाडीत सांगा. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर हे दिवस का पाळायचे, हे घरातल्या सर्वात लहान मुलाला विचारा, आणि त्याला येत नसेल तर थोरांनी लाजून शिकून घ्या. ज्या आजीने दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये स्वतः दीक्षा घेतली, किंवा ज्या आजोबांनी आईच्या कडेवर बसून तो जनसागर पाहिला, त्यांची हकीकत एका वहीत लिहून काढा. अशी माणसे आता थोडी उरली आहेत. कोणाचे कोणते गाव, कोण कसे गेले, रेल्वेने की पायी, परत आल्यावर गावाने काय केले, सारे लिहा. ती वही आज छापली गेली नाही तरी चालेल. केहिमकरांची वही ४० वर्षे थांबली होती.